अभिजात हार्ड रॉक अल्बम

हा लेख हार्ड रॉक या संगीतशैलीतील अल्बमांविषयी आहे. भूजलशास्त्रात ‘हार्ड रॉक’ हा शब्द कठीण खडकासाठी वापरला जातो आणि जालना जिल्ह्यासह मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली असलेला दख्खनचा बेसाल्ट त्या प्रकारात मोडतो. त्या अर्थासाठी ‘दख्खनचे पठार’ हा लेख पाहावा.

अभिजात हार्ड रॉक अल्बम म्हणजे साधारणपणे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रसिद्ध झालेले, या शैलीचे मानदंड मानले जाणारे ध्वनिमुद्रित संग्रह होत. लेड झेपलिन, डीप पर्पल, ब्लॅक सॅबथ, क्वीन, एसी/डीसी, एरोस्मिथ, व्हॅन हेलन आणि गन्स अँड रोझेस हे या काळातील प्रमुख वाद्यवृंद होत. हार्ड रॉक ही ब्रिटन व अमेरिकेत घडलेली शैली असली, तरी महाराष्ट्राशी तिचे काही थेट धागे जुळलेले आहेत. पाचगणीच्या शाळेत शिकलेला एक विद्यार्थी पुढे तिचा अग्रगण्य गायक झाला, आणि मुंबईत या शैलीत स्वतःची गाणी रचणारा वाद्यवृंद १९८० च्या दशकात उभा राहिला.

संगीताची घडण

हार्ड रॉकचा उगम ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी लोकसंगीतात आहे. १९६४ मध्ये द किंक्स या लंडनच्या वाद्यवृंदाने ‘यू रियली गॉट मी’ या गाण्यात फाटल्यासारखा वाटणारा गिटारचा आवाज मुद्दाम वापरला. त्यानंतर क्रीम, द हू आणि जिमी हेंड्रिक्स यांनी ॲम्प्लिफायर त्याच्या क्षमतेच्या टोकापर्यंत नेऊन तो आवाज अधिक दाट केला. या फाटलेपणाला डिस्टॉर्शन म्हणतात. सर्वसाधारण श्रोत्याला तो प्रथम दोष वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे स्वर लांब टिकतो आणि त्यातील उपस्वर ठळक होतात. तंबोऱ्याच्या तारेखाली जवारीचा दोरा सरकवल्यावर आवाजाला जी झणकार येते, तिचे तत्त्व वेगळे असले तरी कानावर होणारा परिणाम काही अंशी तसाच असतो.

डिस्टॉर्शनमध्ये तीन-चार स्वरांचा पूर्ण कॉर्ड वाजवला तर आवाज गढूळ होतो. म्हणून हार्ड रॉकमध्ये बहुधा दोनच स्वर एकत्र वाजवतात, मूळ स्वर आणि त्याचा पंचम. यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. म्हणजे तंबोऱ्यातील षड्ज-पंचमाची जोडीच येथे गिटारवर येते, फक्त ती स्थिर राहत नाही, चालीबरोबर सरकत जाते. गिटारचे एकल वादन बहुतांशी ज्या पाच स्वरांवर चालते ते षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद हे होत. हिंदुस्तानी संगीतात धानी रागाचे स्वर हेच आहेत. राग म्हणून त्यांची वागणूक अर्थातच निराळी आहे, परंतु ज्याच्या कानात धानी बसला आहे त्याला गिटारचे हे स्वर अनोळखी वाटू नयेत.

गाण्याचा कणा असतो तो रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह. डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’चा प्रसिद्ध रिफ केवळ षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम या चार स्थानांवर उभा आहे. गिटार शिकू लागलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी तो पहिल्या आठवड्यातच वाजवून पाहतो, आणि बहुतेक जण चुकीचा वाजवतात. मूळ वादक रिची ब्लॅकमोर तो पॉवर कॉर्डमध्ये वाजवत नाही. दोन तारा षड्ज-मध्यमाच्या अंतराने एकाच वेळी छेडून तो वाजवतो.

ठेका बहुधा चार मात्रांचा असतो आणि जोर दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो. समेवर जोर अपेक्षिणाऱ्या श्रोत्याला सुरुवातीस हा ठेका उलटा वाटण्याचा संभव आहे. काही रचनांत तालाचा खेळ याहून पुढे जातो. लेड झेपलिनच्या ‘काश्मीर’ (१९७५) या गाण्यात ड्रम चार मात्रांत चालतात, तर गिटार व इतर वाद्यांची मुख्य आकृती तीन मात्रांत, आणि दोन्ही बारा मात्रांनंतर एकत्र येतात. या गाण्याची कल्पना दक्षिण मोरोक्कोतील वाळवंटी रस्त्यावर सुचली होती. काश्मीरशी त्याचा संबंध नावापुरताच आहे.

प्रारंभ कोठून करावा

नवश्रोत्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला इतिहासक्रमाचा, म्हणजे १९६० च्या दशकातील ब्लूज-रॉकपासून पुढे येणे. दुसरा सुगमतेचा. अभ्यासकास पहिला उपयुक्त आहे, परंतु नव्याने ऐकणाऱ्यास तो बहुधा अर्ध्यावर सोडावा लागतो, कारण आरंभीच्या अल्बमांत लांबलेली ब्लूज-वादने व प्रयोग पुष्कळ आहेत आणि ध्वनिमुद्रणही आजच्या कानाला पातळ वाटते. ‘सर्वश्रेष्ठ’ अल्बमांच्या प्रचलित याद्यांचाही या कामी फारसा उपयोग होत नाही. त्या याद्या प्रभाव मोजतात, आणि प्रभावी अल्बम सोपा असतोच असे नाही.

सुगमतेच्या दृष्टीने एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन वाद्यवृंदाचा ‘बॅक इन ब्लॅक’ (जुलै १९८०) हा सर्वांत सोयीचा प्रारंभ होय. त्यात दहा गाणी असून एकूण कालावधी सुमारे ४२ मिनिटे आहे. मॅल्कम व अँगस यंग या भावांच्या दोन गिटारी एकमेकांत न मिसळता स्वतंत्रपणे ऐकू येतात, ड्रमवादनात एकही अनावश्यक ठोका नाही आणि दोन आवाजांमधील मोकळी जागा जपलेली आहे. रिफ म्हणजे काय, हे समजण्यास यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. अल्बममागे शोकाची पार्श्वभूमी आहे. वाद्यवृंदाचा गायक बॉन स्कॉट याचा फेब्रुवारी १९८० मध्ये अतिमद्यपानामुळे मृत्यू झाला. उरलेल्यांनी ब्रायन जॉन्सन या नव्या गायकास घेऊन काही महिन्यांतच हा अल्बम बहामा बेटांवर ध्वनिमुद्रित केला. मुखपृष्ठ संपूर्ण काळे आहे आणि पहिले गाणे घंटेच्या संथ टोलांनी सुरू होते. जगात सर्वाधिक खप झालेल्या अल्बमांत त्याची गणना होते.

त्यानंतर डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ (मार्च १९७२) ऐकावा. सात गाण्यांच्या या अल्बममध्ये जॉन लॉर्डचे हॅमंड ऑर्गन गिटारच्या बरोबरीने उभे राहते, आणि संवादिनीची सवय असलेल्या श्रोत्याला हे सवाल-जबाब ओळखीचे वाटतात. त्याच्या निर्मितीची हकिकत या शैलीच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. वाद्यवृंद डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे तेथील कॅसिनोत ध्वनिमुद्रण करण्यासाठी गेला होता. ४ डिसेंबरला फ्रँक झप्पा यांच्या कार्यक्रमात प्रेक्षकांपैकी कोणीतरी छताकडे फ्लेअर गन झाडली आणि कॅसिनो जळून गेला. दुसऱ्या एका सभागृहातून शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे निघावे लागले. अखेर हिवाळ्यामुळे बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या रिकाम्या मार्गिकांत गाद्या लावून काम पूर्ण झाले. यंत्रसामग्री बाहेर उभ्या असलेल्या फिरत्या स्टुडिओत होती. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर हाच ‘स्मोक ऑन द वॉटर’चा विषय आहे.

ब्लॅक सॅबथचा ‘पॅरानॉइड’ (सप्टेंबर १९७०) हा हार्ड रॉक व हेवी मेटल यांच्या सीमेवरचा अल्बम होय. ज्या गाण्यावरून त्याला नाव मिळाले ते गाणे अल्बमची लांबी भरून काढण्यासाठी ऐनवेळी रचले गेले होते. हा वाद्यवृंद बर्मिंगहॅम या इंग्लंडमधील कारखान्यांच्या शहरातला. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तेथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. आयोमी डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात हाच होता. त्याने वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या करून त्या बोटांवर चढवल्या, बारीक तारा लावल्या आणि पुढील काळात तारांचा ताण कमी व्हावा म्हणून गिटार खालच्या स्वरात लावली. पुढे हजारो वादकांनी अनुसरलेला तो जड, खर्जातला आवाज अशा प्रकारे एका औद्योगिक अपघाताशी जोडलेला आहे. लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यासारख्या शहरातील वाचकास ही पार्श्वभूमी अधिक विवेचनाशिवाय समजेल. याच वाद्यवृंदाचा शेवटचा कार्यक्रम ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्येच झाला आणि त्यानंतर अडीच आठवड्यांत गायक ऑझी ऑझबर्न याचे निधन झाले.

लेड झेपलिनचा चौथा अल्बम (नोव्हेंबर १९७१) बहुतेक याद्यांत अग्रस्थानी असतो. मुखपृष्ठावर वाद्यवृंदाचे वा अल्बमचे नाव नसल्याने तो ‘लेड झेपलिन ४’ म्हणून ओळखला जातो. तो पहिल्याच बैठकीत ऐकू नये असे म्हणण्यास जागा आहे. त्यातील ‘स्टेअरवे टू हेवन’ हे आठ मिनिटांचे गाणे इतके नावाजलेले आहे की नवश्रोता त्याची वाट पाहत राहतो आणि बाकीच्या सात गाण्यांकडे त्याचे दुर्लक्ष होते. खरे तर अल्बमचे शेवटचे गाणे, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, अधिक काळजीपूर्वक ऐकण्याजोगे आहे. मेम्फिस मिनी व कॅन्सस जो मॅकॉय या कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांनी ते १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. त्याचा विषय १९२७ चा मिसिसिपी नदीचा महापूर हा होता. झेपलिनने त्यासाठी हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या जिन्याखालील उंच दालनात ड्रम मांडले आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. त्या दालनाचा घुमारा हाच गाण्याचा प्राण आहे.

श्रेयाचा प्रश्न

या गाण्याच्या श्रेयनामावलीत मेम्फिस मिनीचे नाव आहे. सर्वत्र तसे झालेले नाही. ‘लेड झेपलिन २’ (ऑक्टोबर १९६९) मधील ‘होल लॉटा लव्ह’ या गाण्यातील शब्द विली डिक्सन या शिकागोच्या ब्लूज रचनाकाराच्या गाण्यावर आधारलेले असूनही त्यांचे नाव दिलेले नव्हते. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा दाखल केला. पुढे तडजोड झाली आणि आता त्यांचे नाव दिले जाते. हार्ड रॉकने ब्लूजकडून घेतलेले ऋण आणि त्याची परतफेड यांतील ही विषमता अल्बम ऐकताना दृष्टीआड करता येत नाही. म्हणूनच या अल्बमांच्या जोडीने डिक्सन, मडी वॉटर्स किंवा हाउलिन वुल्फ यांची मूळ ध्वनिमुद्रणे ऐकण्याचा सल्ला अनेक जाणकार देतात.

स्त्रियांविषयीचा दृष्टिकोन हा दुसरा आक्षेपाचा मुद्दा होय. ‘बॅक इन ब्लॅक’पासून गन्स अँड रोझेसच्या ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’पर्यंत (जुलै १९८७) अनेक गाण्यांत तो उथळ, क्वचित हीन पातळीवर उतरतो. ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’चे मूळ मुखपृष्ठ आक्षेपांमुळे बदलावे लागले. संगीत म्हणून मात्र १९८० च्या दशकातील हा सर्वांत प्रभावी हार्ड रॉक अल्बम मानला जातो, आणि एसी/डीसी व एरोस्मिथ ऐकून झाल्यावर तो ऐकल्यास त्याची पूर्वपीठिका स्पष्ट दिसते.

पाचगणी आणि क्वीन

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फारोख बलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे पारशी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी त्याला सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेत पाठवण्यात आले. तेथे तो पियानो शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवू लागला. ‘फ्रेडी’ हे नावही त्याच शाळेतले. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले आणि १९७० मध्ये क्वीनची स्थापना झाली.

क्वीनची लोकप्रिय ओळख नंतरच्या काळातील सभागृहगीतांमुळे आहे. परंतु ‘क्वीन २’ (मार्च १९७४) आणि ‘शीअर हार्ट अटॅक’ (नोव्हेंबर १९७४) हे अल्बम निःसंशय हार्ड रॉकचे आहेत. नवश्रोत्याने ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ (नोव्हेंबर १९७५) घेण्यापूर्वी ‘शीअर हार्ट अटॅक’ घ्यावा. त्यातील ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ दोन मिनिटांच्या आसपास संपते आणि ‘किलर क्वीन’मध्ये पियानो व गिटार यांचा नाजूक तोल आहे. ब्रायन मे याची गिटार त्याने व त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली होती; तिच्या दांड्याचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे होते.

मुंबईतील ध्वनिमुद्रणे व वाद्यवृंद

१९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. त्यांनी येथील वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी भारतीय वाद्यांसह ध्वनिमुद्रित केली. कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या नृत्यगृहात त्यांनी स्थानिक वादकांबरोबर वादनही केले. ती ध्वनिमुद्रणे चार दशके अधिकृतपणे अप्रकाशित राहिली आणि २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत प्रसिद्ध झाली. मुंबईचे नाव याहून आधी आडवाटेने या शैलीत आले होते. डीप पर्पलच्या ‘चाइल्ड इन टाइम’ (१९७०) या गाण्याची मुख्य धून सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या वाद्यवृंदाच्या ‘बॉम्बे कॉलिंग’ या वाद्यरचनेवरून घेतलेली आहे.

भारतात रॉक वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रणाची सोय दीर्घकाळ तुटपुंजी होती. सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवल्या जाणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० व १९७१ च्या तबकड्या हा त्या काळचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे. १९७० च्या दशकातील मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’चे ध्वनिमुद्रण मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचले आणि त्याकडे पुन्हा लक्ष गेले ते अनेक दशकांनी, परदेशातील पुनर्मुद्रणामुळे. बहुतेक वाद्यवृंद महाविद्यालयीन महोत्सवांत परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल सादर करीत, आणि श्रोत्यांचीही अपेक्षा तीच असे.

ही प्रथा मोडण्याचे श्रेय प्रामुख्याने १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’कडे जाते. उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर (गिटार), मार्क सेल्विन (बेस गिटार) आणि झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) हे त्यातील प्रमुख वादक होत. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) हा त्यांचा पहिला अल्बम स्वरचित इंग्रजी गाण्यांचा होता. त्यानंतर १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ प्रसिद्ध झाला. पुढे वाद्यवृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले आणि १९९५ च्या त्याच नावाच्या अल्बममध्ये भारतीय वाद्ये व तालांना जागा दिली. १९९७ मध्ये तो विसर्जित झाला, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये त्याने ‘इव्हॉल्व्ह’ प्रकाशित केला. महाराष्ट्रातील श्रोत्याने यांतील १९९५ चा अल्बम प्रथम ऐकावा. पहिल्या दोन अल्बमांवर परदेशी नमुन्यांची छाया गडद आहे. तिसऱ्यात ती विरळ होते.

या चळवळीचे केंद्र म्हणजे धोबी तलाव परिसरातील, सेंट झेवियर्स महाविद्यालयाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह. १९८६ पासून तेथे स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतालचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवन अशाच परिसरात असल्याने तेथील कार्यक्रम थांबले. रुग्णालयांची गरज निर्विवाद होती. पण अल्प भाड्यात, मध्यवर्ती ठिकाणी, विद्यार्थ्यांना परवडेल अशा दरात रॉक सादर करण्याची जागा मुंबईला त्यानंतर सहजासहजी मिळाली नाही. तबकड्या व कॅसेटसाठी प्रसिद्ध असलेले काळा घोडा येथील ‘रिदम हाऊस’ हे दुकानही २०१६ मध्ये बंद झाले.

श्रवणाविषयी

१९७० च्या दशकातील अल्बम तबकडीसाठी रचलेले होते. एका बाजूस साधारण वीस मिनिटे मावत आणि बाजू उलटताना थांबावे लागे. गाण्यांचा क्रम त्या थांब्याच्या हिशेबाने लावलेला असतो. आज हे सर्व अल्बम भ्रमणध्वनीवर उपलब्ध असल्याने मोठ्या शहरातील दुकानावर अवलंबून राहण्याचे कारण उरलेले नाही. मात्र ॲपमधील गाण्यांची सरमिसळ करणारी सोय बंद ठेवणे आवश्यक आहे. विस्तारित आवृत्त्यांत मूळ गाण्यांच्या पुढे कच्चे मसुदे व थेट कार्यक्रमांतील गाणी जोडलेली असतात. ‘मशीन हेड’ सातव्या आणि ‘पॅरानॉइड’ आठव्या गाण्यावर संपतो, हे लक्षात ठेवावे. भ्रमणध्वनीच्या लहान स्पीकरवर बेस गिटार व ड्रमचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे साधा का होईना, हेडफोन वापरावा. आवाज फार वाढवण्याची गरज नाही.

थेट कार्यक्रमाचे अल्बम नंतर घ्यावेत. त्यांपैकी डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ सर्वाधिक वाखाणला जातो. तो ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका व टोकियो येथे ध्वनिमुद्रित झाला. त्यात ‘मशीन हेड’मधील चार गाणी आहेत आणि ‘स्पेस ट्रकिन’ हे मूळ साडेचार मिनिटांचे गाणे तेथे वीस मिनिटांच्या जवळपास जाते. बंदिश तीच, विस्तार प्रत्येक बैठकीत नवा, हा प्रकार हिंदुस्तानी मैफलीच्या श्रोत्यास परिचित आहे. मूळ अल्बम आधी ऐकलेला असेल तरच तो विस्तार कोठे सुरू होतो ते कळते.

हे पाच-सहा अल्बम झाल्यावर पुढील वाट श्रोत्याच्या आवडीनुसार फुटते. गिटारच्या कौशल्याची ओढ असणाऱ्याने ‘व्हॅन हेलन’ (१९७८) घ्यावा. त्यातील ‘इरप्शन’ हे पावणेदोन मिनिटांचे एकल वादन दोन्ही हातांच्या बोटांनी तारा दाबण्याच्या तंत्रामुळे गाजले. ब्लूजचा अंश अधिक हवा असल्यास एरोस्मिथचा ‘टॉइज इन द ॲटिक’ (१९७५), कथनपर गीते आवडत असल्यास थिन लिझीचा ‘जेलब्रेक’ (१९७६), आणि दीर्घ रचना पेलू लागल्यावर लेड झेपलिनचा दुहेरी ‘फिजिकल ग्राफिटी’ (१९७५).